शेठच्या पूजेला गेलेली मशीन

मी एक जुनी शिलाई मशीन आहे, मित्रांनो, आणि मला माणसांचा वीट आला आहे. माझी गोष्ट ऐका, म्हणजे तुम्हालाही येईल.

भडगावच्या बाजारातून एका बापाने मला आपल्या लेकीसाठी घेतलं. लेकीचं नाव बेबाबाई. लग्नानंतर एसटीच्या टपावर बांधून तिने मला जळगावला, मेहरूणमध्ये आणलं. नवरा अंथरुणाला खिळल्यावर तिची चूल माझ्याच जिवावर पेटायची. रोज फडक्याने पुसायची, तेल घालायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. शेजारणी म्हणायच्या, हिची मशीन म्हणजे हिची धाकटी बहीण. मला ते फार आवडायचं.

काम गिरधरशेठ द्यायचा. तो शिवलेले कपडे परदेशी पाठवायचा. कारखाना म्हणजे नुसतं रिकामं पत्र्याचं शेड. बायका तिथून कापड न्यायच्या आणि आपापल्या घरी, आपापल्या मशीनवर शिवायच्या.

एका वर्षी खंडेनवमीच्या आधी शेठचा मुनीम छगन घरोघर फिरला. "अक्का, औंदा मशीनी शेडमध्ये आणा. शेठ सगळ्यांची एकत्र पूजा करणार आहेत." बेबाबाई हरखून गेली. हातगाडी करून तिने मला नेलं. छगनने आम्हाला ओळीत मांडलं आणि प्रत्येकीवर पांढऱ्या रंगाने आकडा टाकला. अदलाबदल नको म्हणून असेल, असं बायकांना वाटलं. हळदकुंकू झालं, झेंडूच्या माळा पडल्या. मग फोटोवाला आला आणि बायकांना बाजूला सारून नुसते आमचेच फोटो काढले. पूजेला बसलेली मशीन दसरा होईपर्यंत हलवत नाहीत, म्हणून आम्ही तिथेच राहिलो.

ह्या थाटामागचं घाणेरडं कारण मला मागाहून कळलं. परदेशी माल पाठवणाऱ्याला सरकार काही पैसे परत देतं. शेठ कागदावर शर्ट लिहायचा आणि थोड्या खोक्यांत आम्ही शिवलेले कपडे आणि बाकीच्यांत चिंध्या भरायचा. एवढे शर्ट शिवतोस कुठे, असं विचारलं तर दाखवायला त्याला कारखाना हवा होता. देवाचं नाव सांगून त्याने आमचा कारखाना मांडला. शिसारी येते मला त्या माळेची.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बायका आम्हाला न्यायला आल्या, तर दारात कस्टमची जीप. बंदरावर खोकी उघडली गेली होती. शेठचा बंगला, गाडी, शेड आणि शेडमधल्या आम्ही, सगळ्यांवर जप्ती आली.

बेबाबाई पुढे झाली. "साहेब, हाई मशीन मन्ही शे. मन्हा बापनी ली दिन्ही. शेठले इचारा."

साहेबाने खरंच विचारलं. शेठने नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण मशीनी बायकांच्या म्हटल्या, तर कारखाना खोटा ठरत होता.

"कारखान्याच्या आहेत, साहेब," शेठ म्हणाला. "ह्या बाया रोजाने येतात माझ्याकडे. गरिबाला मोह सुटतो."

थू त्याच्या जिभेवर! दाराला कुलूप लागलं, त्यावर लाखेचं सील. आत मी गंजत पडले. बेबाबाई लोकांच्या गोधड्या हाताने शिवून दिवस काढत होती, आणि अधूनमधून पत्र्याच्या फटीला डोळा लावून मला बघून जायची.

काही वर्षांनी शेठने दंड भरला आणि जप्ती उठली. सरकारदरबारी आम्ही शेठच्या होतो, म्हणून त्याच्याच ताब्यात गेलो. मग त्याने खरोखरीचा कारखाना काढला, आणि बेबाबाईला रोजाने कामावर यावं लागलं. छगनने माझ्याकडे बोट दाखवून तिला विचारलं, "चालवता येईल ना?"

ती खाली बसली, पदराने माझी धूळ पुसली आणि दोरा ओवला. संध्याकाळी ती घरी गेली. मी तिथेच राहिले.

मित्रांनो, मशीनला तेल घाला, धूळ पुसा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्यासमोर कुणी दुसऱ्याची वस्तू आपली म्हणून सांगत असेल, तर तोंड उघडा. त्या दिवशी सगळी गल्ली शेडपुढे उभी होती आणि मी कुणाची हे प्रत्येकाला ठाऊक होतं. जप्तीच्या कागदावर पंच म्हणून शेजारच्या शालिग्रामभाऊंनी सही केली. त्यांच्या अंगातला सदरा बेबाबाईने माझ्यावरच शिवला होता.