उलटा व्हॉल्व्ह

मुलांनो, डोळे मिटा आणि एक गल्ली बघा. कंधारच्या वाटेवरचं गाव, मे महिन्यातली सकाळ. नळापाशी घागरींची रांग आहे, माणसं सावलीला बसलीत. रांगेत घागर ठेवली की माणूस उभाच आहे असं तिथं धरतात. दुसऱ्याच्या घागरीला कुणी हात लावत नाही.

गावाचं पाणी आता एका खाजगी कंपनीकडे होतं. या गल्लीनं मीटर बसवू दिले नाहीत, म्हणून कंपनीनं आठ दिवस पाणी तोडलं होतं. अखेर सोडायचा हुकूम निघाला. तो घेऊन सुदाम आला. पूर्वी ग्रामपंचायतीचा पाणीवाला, आता कंपनीचा. सोबत त्याची दहा वर्षांची साक्षी.

त्यानं लोखंडी चावी नळाजवळच्या खड्ड्यातल्या व्हॉल्व्हवर बसवली आणि उजवीकडे फिरवली.

"आणखी आवळून राहिला बघा," सावलीतून सरजाबाई म्हणाली. "पलीकडच्या गल्लीतले नवे व्हॉल्व्ह उजवीकडंच बंद होतेत."

"मावशी, ह्यो जुना हाय. उलटा उघडतो."

"तूच उलटा झालास, कंपनीचा शर्ट घातल्यापासून."

रांगेतल्या ग्यानोबानं चावी हिसकावली आणि तीच सुदामच्या गुडघ्यावर हाणली. हाड मोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं. सुदाम पडला, तशा लाथा बसू लागल्या. सरजाबाईच्या दगडानं त्याचं कपाळ फुटलं. कुणीतरी त्याचं तोंड मातीत दाबलं.

"पी कंपनीचं पाणी."

ग्यानोबानं जोर लावून चावी डावीकडे फिरवली. नळ कोरडाच.

"जाम करून ठेवलाय," म्हणत त्यानं चावी टाकली आणि सुदामच्या बरगड्यांत लाथ घातली.

"उलटा हाय, काका," साक्षी त्याच्या हाताला लोंबकळली. त्यानं झटकलं तशी ती भिंतीवर आदळली, ओठ फाटला. बाप आता ओरडतही नव्हता.

साक्षीनं चावी उचलली. बापासोबत तिनं ते फेरे कितीदा मोजले होते. सगळं अंग टाकून ती उजवीकडे ओढू लागली. एक. दोन. सातव्या फेऱ्याला नळ फुसफुसला, मग लाल पाणी आलं, मग स्वच्छ.

लाथा थांबल्या. सरजाबाईच्या हातात दुसरा दगड तसाच राहिला. घागरींकडे कुणीच गेलं नाही.

रांगेत पहिली घागर सरजाबाईची होती. साक्षीनं ती न विचारता उचलली, भरली, आणि बापाचं डोकं मांडीवर घेऊन रक्त धुऊ लागली.