लॉन्ड्रीतले बगळेमहाराज

आई गेल्यावर घर आवरताना तिच्या पलंगाखाली दोन खोकी सापडली तेव्हा लेकीला क्षणभर बरं वाटलं. पलंगाखाली माणूस आपलं असं काहीतरी जपून ठेवतं, अशी तिची समजूत होती. तिने वरचं खोकं उघडलं, तर आतून एक पोरगा तिच्याकडे बघत होता. बशीएवढे डोळे, सुईसारखी हनुवटी, कमरेपर्यंत पांढरेशुभ्र केस आणि भोवती काही कारण नसताना उडणारी पिसं. वर नाव होतं ‘चांदण्यातला बगळा आणि मी’, भाग पहिला. त्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा. दोन्ही खोकी मिळून बगळ्याचे सतरा भाग निघाले.

कोवळ्या मुलींसाठी जपानमध्ये काढतात तसली ती कॉमिक्स होती, प्रेमाची आणि भुताखेतांची. आई कोवळी नव्हती. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तिने तीस वर्षं फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घेतल्या होत्या. ती इतकी मवाळ, की राँग नंबर लागला तरी समोरच्याच्या तब्येतीची चौकशी करूनच फोन ठेवायची.

लेक पुस्तकांची परीक्षणं लिहायची. एका साप्ताहिकात दर आठवड्याला एक पुस्तक ती सोलून वाळत घालायची. तिच्या परीक्षणानंतर एका कादंबरीकाराने लिहिणं सोडून गाड्यांचे सुटे भाग विकायला घेतले, आणि त्यात त्याचं छान बस्तान बसलं. आपल्या हातून घडलेली भरीव वाङ्मयसेवा म्हणून ती हा किस्सा सांगायची. अशा बाईची आई पलंगाखाली बगळे पाळून होती. लेकीने जुनी पुस्तकं घेणाऱ्याला फोन केला आणि गुरुवारी पाच वाजता बोलावलं. घर तसंही रिकामं करून द्यायचं होतं.

एक गोष्ट मात्र तिने कोणालाच सांगितली नव्हती. तिला आईचा आवाज आठवत नव्हता. आईचं बोलणं शब्दन् शब्द आठवायचं, पण आठवणीतली आई बोलायला लागली की आवाज लेकीचा स्वतःचाच यायचा, मनात वाचताना येतो तसा. फोनवर निरोप ठेवायला आईला लाज वाटायची, त्यामुळे ध्वनिमुद्रित असं काही म्हणजे काही नव्हतं. आणि सांगायचं तरी कोणाला? दुसऱ्याच्या कादंबरीत ‘गदगदून’ हा शब्द दिसला की जी लाल रेघ मारते, तिने?

खरं तर आई रोज फोन करायची. शेजारणीची मांजर व्याली, बेसिनचा नळ पुन्हा गळतोय, जिन्यातला दिवा गेला. लेक दुसऱ्या हाताने काहीतरी टाइप करत मधूनमधून म्हणायची, “हं. पुढे?” ते ‘हं’ नाकातून निघायचं आणि ‘पुढे’ला किंचित कंटाळ्याची धार असायची. या दोन शब्दांनी तिने भल्याभल्या लेखकांना घाम फोडला होता. आई मात्र पुढे सांगायची.

बुधवारी आईच्या पत्त्यावर एक पुडकं आलं. प्लॅस्टिकमध्ये बंद असलेला अठरावा आणि शेवटचा भाग. पाठोपाठ फोन वाजला.

“मी लॉन्ड्रीवाली बोलतेय. कोपऱ्यावरची. अठरावा आला असेल ना गं?”

“तुम्हाला काय माहीत?”

“आम्हाला माहीत नसेल तर कोणाला असणार? रद्दीत घालू नकोस हं. गुरुवारी दुपारी दुकान बंद असतं. मागच्या दाराने ये.”

गुरुवारी दुपारी आई कधीच फोन उचलत नसे. पाय दुखतात म्हणून झोपते, असं सांगायची. लेकीने दोन्ही खोकी गाडीत टाकली, पुस्तकवाल्याला लॉन्ड्रीचाच पत्ता कळवला आणि मागचं दार वाजवलं.

आत वाफेचा आणि साबणाचा वास होता. छताच्या दांडीवरून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कोट रांगेने लोंबत होते, आणि पंखा फिरेल तसे सगळे एकदम हलत होते. भुतांच्या गोष्टी वाचायला जागा झकास, असं लेकीच्या मनात आलं. इस्त्रीच्या लांब टेबलाभोवती तिघीजणी बसल्या होत्या. लॉन्ड्रीवालीचे हात कोपरापर्यंत वाफेने लाल झालेले. तिच्या शेजारी सत्तरी उलटलेली, खर्जातल्या आवाजाची निवृत्त नर्स. तिसरी बँकेतली कॅशियर, लेकीच्याच वयाची. सगळ्यांशी काचेआडून बोलायची सवय असल्यासारखी ती जरा वाकून बोलत होती.

“बस,” लॉन्ड्रीवाली म्हणाली. “दाखव बघू.”

लेकीने पुडकं टेबलावर ठेवलं, पण हात त्यावरून काढला नाही. “हा घ्या तुम्हाला. बाकीचे पाच वाजता जातील. तुम्ही तिघी हे खरंच वाचता?”

“मोठ्याने,” नर्स म्हणाली. “एकच प्रत, आणि कोणाचे डोळे कसे, कोणाचे कसे. म्हणून एकेक पात्र वाटून घेतलं.”

“तुमच्याकडे कोण?”

“मी नायिका. सोळा वर्षांची.” हे नर्सने इतक्या खालच्या पट्टीत सांगितलं, की टेबलावरचा चहा थरथरला असेल.

“मी छत्रीवाला,” कॅशियर म्हणाली. “तो साधा माणूस असतो. दर भागात तिला छत्री देतो, आणि ती त्याला ‘तू माझा फार चांगला मित्र आहेस’ म्हणते. सतरा भाग भिजतेय मी.”

“आणि मी वारा, घंटा, दार, पाचोळा आणि हृदयाची धडधड,” लॉन्ड्रीवाली म्हणाली. “धडधड फार असते गं. घसा बसतो.”

लेकीला राहवेना. काल नाइलाजाने तिने पहिले दोन भाग उलटसुलट चाळले होते. “म्हणजे नऊशे वर्षांचा एक गृहस्थ शाळकरी मुलीच्या वर्गात येऊन बसतो. नऊशे वर्षांत याची शाळा सुटली नाही?”

“शिक्षणाची परिस्थितीच तशी आहे,” कॅशियर म्हणाली.

“आणि त्यातून बगळा! ढोंगीपणाला आपल्याकडे दुसरा पक्षी नाही, आणि हा म्हणे चांदण्यांचा राजपुत्र. ती मुलगी दर पंधरा पानांनी कुठून तरी पडते आणि हा तिला झेलतो. तिला सरळ चालता येत नाही का?”

“ही शंका मला चौथ्या भागातच आली होती,” नर्स गंभीरपणे म्हणाली. “मला वाटलं, रक्त कमी असेल. पण पुढे कळलं, त्याने झेलावं म्हणून पडते.”

लेकीच्या टोमण्याला इतकं शांत उत्तर आजवर कोणी दिलं नव्हतं. तिला जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं. मग तिने विषय सहज निघावा तसा काढला. “आणि आई कोण व्हायची? मुलीची आजी वगैरे?”

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं.

“आजी?” लॉन्ड्रीवाली म्हणाली. “अगं, तुझी आई आमचे महाराज! बगळा! तो बघ, त्या खिळ्यावरचा काळा ओव्हरकोट. एका गिऱ्हाइकाने धुवायला टाकला तो नेलाच नाही. तो खांद्यावर टाकून ती इथे उभी राहायची. बसून राजपुत्र होता येत नाही म्हणायची.”

लेकीने कोटाकडे पाहिलं. आईच्या घोट्यापर्यंत आला असता.

“कशी वाचायची?” तिने विचारलं. आवाज शक्य तितका कोरडा ठेवला.

“काटा यायचा अंगावर.”

“म्हणजे आवाज कसा काढायची? करून दाखवा ना कोणी तरी.”

“तेच तर जमत नाही,” कॅशियर म्हणाली. “मी प्रयत्न केला. महाराज कोणाचं तरी कर्ज नामंजूर करतायत असं वाटलं.”

“आणि मी केलं, तर महाराज डाग निघाला नाही म्हणून भांडायला आलेत,” लॉन्ड्रीवाली म्हणाली. “ती गेल्यापासून आम्ही नुसत्या चहा पिऊन उठतोय. अठरावा आला तरी महाराज कोण करणार?”

जे शोधायला आली होती ते इथेही नव्हतं. आणि ती चिडली, कारण चिडायची तिला सवय होती, दुसऱ्या कशाची नव्हती. “मग लोक वाचतात तसं मनातल्या मनात वाचा.”

“एकेकटीने?” नर्सने असं विचारलं, जणू लेकीने तिला कोणाचं तरी औषध चोरायला सांगितलं होतं. “त्यापेक्षा तूच वाच की. एकच पान. बाकीचं आमचं आम्ही बघू.”

लेक नाही म्हणणार होती. पण तिच्या भात्यात एक जुनं हत्यार होतं. वाईट वाक्य मेल्यासारख्या सुरात मोठ्याने वाचलं की ते जागच्या जागी मरतं. भर सभेत तिने असे कितीतरी बळी घेतले होते. वाचून दाखवावं आणि हा बगळा एकदाचा या टेबलावर आडवा करावा, असा विचार करून तिने प्लॅस्टिक फाडलं.

नर्सने पुस्तक तिच्या हातातून काढलं, उलटं केलं आणि परत दिलं. “हे जपानी पद्धतीने उजवीकडून उघडतं, बाळ. तू शेवट आधी वाचत होतीस.”

कॅशियरने तोंडावर हात ठेवला. लेकीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तोवर लॉन्ड्रीवालीने पाठीमागून येऊन तिच्या खांद्यावर कोट टाकला होता. तो जड होता, म्हणून ती उभी राहिली.

पहिल्याच पानावर पूल होता, चांदणं होतं आणि पिसांचा नुसता सुळसुळाट.

“सूंऽऽ,” लॉन्ड्रीवाली म्हणाली. “वारा.”

“मी उद्या हे गाव कायमचं सोडून जाणार आहे,” नर्सने खर्जात, सोळा वर्षांचा कापरा सूर लावला. “तुम्हाला... तुम्हाला त्याचं काहीच वाटत नाही?”

लेकीने बगळ्याच्या तोंडाशी काढलेल्या फुग्यातल्या शब्दांवर नजर टाकली. काय हे लिहिणं, असं तिच्या चेहऱ्यावर उमटलं, आणि तोंडातून नेहमीचं निघालं.

“हं. पुढे?” ती म्हणाली. आणि मग वाचलं, “नऊशे वर्षांत पुष्कळ जणी गेल्या. पूल अजून इथेच आहे.”

वारा थांबला. लॉन्ड्रीवालीचा ओठांचा चंबू तसाच राहिला. कॅशियर खुर्चीतून अर्धी उठली होती.

“परत म्हण,” नर्स म्हणाली. आता तिचा सूर खरोखरच कापरा होता.

“काय?”

“ते ‘हं. पुढे?’ पुस्तकात आहे का?”

लेकीने पाहिलं. “नाही. सवयीने आलं. सॉरी.”

“महाराजांनाही सवयीनेच यायचं. बोलण्याआधी दर वेळी. सतरा भागांत ते कुठेही छापलेलं नाही. मी एकदा विचारलं, बाई गं, हे कुठून आणलंस? तर म्हणाली, घरातलं आहे.”

आणि मग तिघीही हसायला लागल्या. लॉन्ड्रीवाली टेबलावर हात आपटून, कॅशियर डोळे पुसत, नर्स खोल विहिरीत बादली आपटावी तशी. “अगं, नाकसुद्धा तसंच!” “भुवई बघ, भुवई!” “घरातलं आहे म्हणे!”

लेकीचे कान तापले. “म्हणजे इतकी वर्षं ती माझी टिंगल करत होती? इथे? परक्याचा कोट घालून?”

“टिंगल कसली?” कॅशियर म्हणाली. “आम्ही सगळ्या त्याच्यावर मरायचो.”

“मी या वयात घरी जाऊन आरशात बघायचे,” नर्स म्हणाली.

लेक कोटातच उभी होती. मांजर, नळ, जिन्यातला दिवा. रोजच्या त्या फोनमध्ये आई काही सांगतेय असं तिला वाटायचं, आणि सांगण्यासारखं काही नसायचं, म्हणून ती ‘हं. पुढे?’ म्हणायची. तीस वर्षं लोकांचे आवाज कानात साठवलेली बाई. ती सांगत नव्हतीच. ती ऐकत होती. महाराजांचा सूर हलू नये म्हणून रोज फोन लावून तालीम करत होती, आणि तालमीला एक मांजर पुरत होती. ती मांजर खरंच किती वेळा व्याली होती कोण जाणे. एका वर्षात तरी इतक्यांदा शक्य नव्हतं.

“अगदी असाच होता?” लेकीने विचारलं. “आवाज?”

नर्सने मान एका बाजूला कलवली, नाडी बघावी तशी.

“असाच. फरक एवढाच, की तिला मजा यायची.”

हा वार लेकीच्या आजवरच्या कुठल्याही परीक्षणापेक्षा नेमका होता, आणि नर्सला त्याचा पत्ताही नव्हता. लेकीने पुस्तकाकडे बघितलं. बगळा पुलावर उभा होता. नाक वर, भुवई वर. चेहरा ओळखीचा होता, आणि अगदीच वाईट नव्हता.

तिचा फोन वाजला. टेबलावर शांतता पसरली, म्हणून पुस्तकवाल्याचं बोलणं सगळ्यांना ऐकू आलं. “मॅडम, गाडी घेऊन लॉन्ड्रीच्या दारात उभा आहे. दोन खोकी ना?”

“हं,” लेक म्हणाली. “पुढे?”

कॅशियरने टेबलावर डोकं टेकलं. तिचे खांदे हलत होते.

“पुढे काय मॅडम? तुम्हीच बोलावलंत.”

“बोलावलं होतं.” कोट घसरत होता, तो तिने खांद्यावर वर ओढला. “नऊशे वर्षांत पुष्कळ जण येऊन गेले. पुस्तकं इथेच आहेत.”

मग फोन बंद झाला. लॉन्ड्रीवालीने न सांगता गाडी सुरू होऊन लांब जाण्याचा आवाज काढला. खरी गाडी बाहेर त्यानंतर सुरू झाली.

लेक हसली. तिला ते नीट जमलं नाही. मध्येच कुठेतरी ते हसणं राहिलं नाही, पण कोटाची कॉलर मोठी होती, आणि तिघीही त्या वेळी नेमक्या चहाच्या कपांत बघत होत्या.

“चला,” नर्सने थोड्या वेळाने पट्टी लावली. “तर मग मी जाते, राजपुत्रा. पान उलट, बाळ. तिकडून नाही. इकडून.”