सात देशांची एक पाटी

शाळेतली नव्हे, मी टेबलावरची एक जुनी पाटी आहे. हातभर लांब, पांढरी, वर निळ्या अक्षरांत सात शेजारी देशांच्या गटाचं नाव. मित्रांनो, जगाचं हवामान बिघडत चाललं आहे. त्यावर देशोदेशींची माणसं मोठ्या सभागृहात वाटाघाटी करतात. तिथे हात वर करत नाहीत. बोलायचं असेल तर आपली पाटी उभी करतात.

पूर्वी आमचे सात देश सात पाट्या उभ्या करत आणि सातांचंही बोलणं वाऱ्यावर जाई. मग ठरलं, एकाने बोलायचं ते सातांच्या वतीने. एकाचीही ना असली तर बोलायचं नाही. म्हणून छापखान्यात माझा जन्म झाला. मी उभी राहिले की बड्या देशांचे लोक गप्पा थांबवून कान देऊ लागले. माझे फोटो निघाले. सभा संपली की मात्र मी खोक्यात, वायरींच्या गुंत्याखाली.

एकदा नव्या कराराच्या मसुद्यातलं एक वाक्य गाळायचं घाटत होतं. समुद्र चढून ज्यांची गावं बुडतील, त्यांना जगाने हक्काची जागा द्यावी, असं ते वाक्य. आमच्यातल्या बेटावरच्या ताईंचं गाव बुडणाऱ्यांतलंच. त्यांनी मला उचललं, तोच सातांतल्याच खाणींच्या देशाच्या काकांनी माझ्यावर तळहात ठेवला.

“काका, हात काढा.”

“आज समुद्राचं मान्य करतो, उद्या म्हणाल खाणी बंद करा. आमच्या तीन पिढ्या कोळशावर जेवल्यात.”

“खाणी तर बंद व्हायच्याच. पण आधी तुमच्या माणसांना दुसरं काम मिळालं पाहिजे, हे मी मांडीन.”

“तुम्ही? बेटावरच्या?”

“मीच. तुम्ही मांडलंत तर लोक म्हणतील, आला कोळसेवाला.”

काकांना हसू आलं. “बोलण्यात काही हार जायच्या नाहीत तुम्ही.”

तिकडे अध्यक्ष म्हणत होते, “कुणाची हरकत नसेल तर वाक्य गाळू या.”

काकांनी हात काढला आणि स्वतःच मला उभं केलं. ताई बोलल्या, सातांच्या वतीने. वाक्य राहिलं.

पुढच्या सभेत ताईंनी खाणकामगारांची बाजू मांडली, अगदी घरच्यांची मांडावी तशी. काका शेजारी बसून ऐकत होते, मान खाली, डोळे भरलेले.

मित्रांनो, मी मोडले तर माझ्यासारखी दुसरी करून मिळेल. शेजाऱ्याला दिलेला शब्द मात्र जपा. तो खरा असला की माझ्यासारख्या हलक्या पाटीकडेही सारं सभागृह वळून बघतं.