पुसट पट्ट्यांचा रस्ता

ती गाड्यांची परीक्षा घ्यायची. रस्त्यावरचे पांढरे पट्टे ओळखून गाडी आपलं आपण स्टिअरिंग वळवते, ते कितपत भरवशाचं आहे हे तपासून शेरा द्यायचा, हे तिचं काम.

तिचे वडील बसचालक होते. एकदा भर रहदारीत त्यांना भोवळ आली. कंडक्टरने झेप घेऊन ब्रेक दाबला म्हणून निभावलं. त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. त्यामुळे "तुझी ती गाडी बघायचीय," असं ते आपणहून म्हणाले तेव्हा तिने साहेबांच्या मागे लागून परवानगी मिळवली.

चाचणीच्या बंदिस्त रस्त्यावर ते तिच्या शेजारी बसले. मागच्या सीटवरच्या तंत्रज्ञाच्या हाताशी आणीबाणीचा ब्रेक होता. गाडीने ऐंशीचा वेग धरला.

"आता मला भोवळ आली असं समजा," म्हणत तिने हात मांडीवर ठेवले आणि मान खाली टाकली.

गाडी वाजली. पुन्हा वाजली. वळण आलं तसा वडिलांचा पाय, त्यांच्या बाजूला ब्रेक नसतानाही, ब्रेक दाबावा तसा रोवला गेला. पण स्टिअरिंग अलगद फिरलं. वेग उतरत गेला, दिवे लुकलुकले आणि गाडी दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये उभी राहिली.

वडिलांनी रोवलेला पाय मागे घेतला. मग म्हणाले, "अंगावर काटा आला बघ."

"अर्धी परीक्षा बाकी आहे, बाबा."

पुढच्या टप्प्यावर पट्टे झिजलेले होते आणि डांबराचा एक चकचकीत सांधा पट्ट्यासारखा दिसत कडेच्या कठड्याकडे जात होता. गाडी तितक्याच ऐटीत त्या सांध्यामागे निघाली. तंत्रज्ञाने ब्रेक दाबला. तिने लिहिलं, नापास.

"इतकी गुणी गाडी, एका चुकीपायी?"

"चुकली म्हणून नाही. आपल्याला दिसत नाहीये, हे तिला कळलंच नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला तर कळत होतं. त्या दिवशी सकाळपासून गरगरत होतं. तरी बस काढली. कुणाला बोललो नाही."

इतक्या वर्षांत हे तिने पहिल्यांदाच ऐकलं. तिने त्यांच्या हातावर हात ठेवला.

तीन महिन्यांनी गाडी सुधारून आली, तेव्हाही वडील शेजारी बसले होते. त्याच टप्प्यावर ती सांध्याकडे वळली नाही. पडद्यावर अक्षरं उमटली: पट्टे दिसत नाहीत, स्टिअरिंग हातात घ्या. तिने मुद्दामच घेतलं नाही. गाडी हळू होत होत सरळ रेषेत थांबली.

वडील त्या अक्षरांकडे बघत राहिले. "दिसत नाही म्हणाली," ते पुटपुटले, "आणि थांबली."

"अजून एकोणचाळीस फेऱ्या आहेत, बाबा. घरी सोडू?"

"मला कुठे घाई आहे," ते म्हणाले.