डाव्या पायाची सपात

मी एक सपात बोलतेय. एकटीच आहे. माझी जोडीदारीण हरवली असेल असं समजून हळहळू नका, ती कधी नव्हतीच. मी डाव्या पायाची आणि अख्खी लोखंडाची.

पोलंडच्या आमच्या भागात घरात घालायच्या सपातेला 'लाचेक' म्हणतात. मोटरसायकलच्या शर्यतीत स्वार डाव्या बुटाखाली जो लोखंडी तळ बांधतात, त्यालाही लाचेकच म्हणतात. हे नाव ज्याने ठेवलं त्याला घरी बसणारे आणि हाडं मोडून घ्यायला निघालेले यांत फारसा फरक दिसला नसावा.

शर्यत समजायला अगदी सोपी. चार स्वार, लांबट गोल मैदान, चार फेऱ्या आणि वळायचं ते फक्त डावीकडे. गाडीला ब्रेक नसतो. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं आणि डावा पाय जमिनीवर घासत तोल सांभाळायचा. तो घासणारा पाय म्हणजे मी. मिनिटभरात सगळं आटोपतं. एवढ्यासाठी यारझेब्नो गावचे लोक रविवारी चर्चमधून थेट मैदानावर येत, धुतलेल्या कपड्यांनिशी पहिल्या वळणाला बसत, उडणारी काळी खडी अंगावर घेत आणि कपडे खराब झाले म्हणून क्लबला शिव्या देत. इंजिनात एरंडेल जळे. लहानपणी जे नाक दाबून प्यायले, त्याचाच धूर मोठेपणी छाती भरून घ्यायला ही माणसं तिकीट काढत.

माझा जन्म एका मोडीत निघालेल्या ट्रकच्या बंपरातून झाला. मला घडवलं वाव्झिन मिस्त्रीने. तो क्लबच्या गाड्या बांधायचा. इंजिनाला तो 'बाईसाहेब' म्हणे आणि स्वारांना 'ओझं'. गावचा लाडका स्वार होता कोर्नेल, तरुण आणि देखणा. त्याचा पाय वर्तमानपत्रावर ठेवून मिस्त्रीने पेन्सिलीने माप काढलं आणि आठवड्याने मला त्याच्यापुढे टाकलं.

"मिस्त्री, जड वाटतेय."

"ती जड नाही, तू हलका आहेस. जेवत जा."

मिस्त्रीला अभिमान होता तो एकाच गोष्टीचा. त्याने जोडलेला क्लच कधी दगा देत नसे. तो हे कोणाला सांगत नसे, पण कोणी सांगितलं की तिथून हलतही नसे.

संघात बोगूमिल काका नावाचा जुना स्वार होता. एकेकाळी त्याच्या नावाने मैदान भरे. आता वय झालं म्हणून त्याला राखीव ठेवलं होतं. राखीव स्वार म्हणजे हेल्मेट मांडीवर घेऊन सूर्यफुलाच्या बिया सोलत बाकावर बसणारा माणूस. दुसऱ्या कोणाचं काही बिघडलं तरच त्याची पाळी.

एका वर्षी शरद ऋतूतला शेवटचा सामना होता. एका सामन्यात अशा बऱ्याच शर्यती असतात. हरलो तर वरच्या गटातून खाली जाणार होतो. सकाळी पाऊस पडला होता आणि दुसऱ्या वळणावर खडीत एक खाच पडली होती. कोर्नेलची गाडी एका शर्यतीत त्या खाचेवरून उसळली. कुंपण अगदी हाताशी येऊन गेलं. कसाबसा सावरला आणि जिंकलाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्या डाव्या पायाची बोटं मात्र बुटात आखडली ती सुटलीच नाहीत. बुटाच्या आतलं मला दिसत नाही, पण माझ्यावर भार कसा पडतो ते कळतं.

थोड्या वेळाने त्याची पुढची शर्यत आली. आमच्याकडे स्वारांपुढे आडव्या फिती ताणतात. त्या वर उडाल्या की सुटायचं. त्याआधी फितीला जो शिवेल तो बाद, आणि त्याच्या जागी राखीव स्वार. उतावीळ झालेला पाय कसा सुटतो हे मला चांगलं ठाऊक होतं. तो झटका देतो, खडी उडवतो. त्या दिवशीचा पाय तसा सुटला नाही. सावकाश, बघून, एक पाऊल पुढे गेला. फीत ताणली आणि तुटली.

लाल दिवा लागला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. कोर्नेल गाडी ढकलत परत आला.

"काय झालं रे?" मिस्त्रीने विचारलं.

"क्लच चिकटला. गाडी आपोआप पुढे ओढली."

"माझा क्लच?"

"चिकटला, मिस्त्री."

मिस्त्रीने कोर्नेलकडे पाहिलंच नाही, गाडीकडे पाहिलं. घरातल्या माणसाने चारचौघांत खाली बघायला लावावं, तसं पाहिलं.

बोगूमिल काका केव्हाच उठला होता. त्याच्या सपातेचा पट्टा सरावात तुटला होता. कोर्नेलने खाली बसून मला सोडलं आणि काकाच्या बुटाला बांधायला घेतलं.

"सैल होतेय रे."

"आवळतो, काका."

"राहू दे. घरच्यासारखं वाटतंय."

असा सुटला काका की म्हाताऱ्यांनी टोप्या हवेत फेकल्या. दोन फेऱ्या तो सगळ्यांच्या पुढे होता. तिसऱ्या फेरीत दुसऱ्या वळणावर पुन्हा ती खाच आली. पुढचं मला सांगता येईल, पण सांगत नाही. इस्पितळात काकाचा डावा पाय गुडघ्याखाली कापला, आणि एका पिशवीत घालून मला त्याच्या बायकोच्या, ओतिलिया काकूच्या, हातात दिलं. काकूने मला घासूनपुसून स्वयंपाकघराच्या दाराला टेकू म्हणून लावलं. तेव्हापासून मी दार धरून होते.

गाव खालच्या गटात गेलं. गावाला कोणालातरी बोल लावायचा होता. खाचेला बोल लावून समाधान होत नाही, ती उत्तर देत नाही. क्लचचा मालक समोर होता.

वाव्झिन मिस्त्रीने तो क्लच पुन्हा पुन्हा उघडला. दोष सापडेना. सापडेना म्हणून त्याने क्लचला निर्दोष सोडलं नाही, स्वतःच्या डोळ्यांना दोषी ठरवलं. क्लबची किल्ली परत केली आणि ट्रॅक्टर दुरुस्त करू लागला. तोवर गावाच्या तोंडी एक शब्द बसला होता. कोणाची चेन अडकली, चर्चचं दार फुगून बसलं, कोणाला भाषणात शब्द आठवेना, की लोक म्हणत, "याचा वाव्झिन झाला." म्हणणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसे. तेच जास्त वाईट. मिस्त्रीची मुलगी हाल्शका शाळेत फळ्यासमोर गप्प उभी राहिली, तेव्हा बाईंच्या तोंडूनही तोच शब्द गेला.

कोर्नेलने पुढच्या वर्षी शर्यती सोडल्या. बेकरीची गाडी चालवू लागला. तिला ब्रेक होते. आणि दर रविवारी तो बोगूमिल काकाकडे येऊ लागला. लाकडं फोडायचा, कौलं बदलायचा, काकाला अंघोळीला उचलून न्यायचा. गावाने त्याला जिवंतपणीच साधू करून टाकलं. फादरनी प्रवचनात त्याचं उदाहरण दिलं. त्या रविवारी लाकडं फोडताना कुऱ्हाड त्याच्या हातून तीनदा निसटली.

आमच्याकडे पाहुण्याने दारात बूट काढायचे आणि घरच्या सपाता घालायच्या, अशी रीत आहे. काकू कोर्नेलपुढे काकाचाच जोड ठेवायची. आता, काका घालणार एकच सपात, उजवी. ती टाचेला झिजलेली, अंगठ्याला भोक पडलेली. डावी मात्र दुकानातून आणल्यासारखी.

"डावी बघ कशी कोरी आहे," काकू म्हणायची. "नशीबवान आहेस."

ती थट्टाच करायची. कोर्नेल तो पाय सपातेत असा घालायचा, जणू पाणी किती गरम आहे ते बघतोय. जेवून उठेपर्यंत त्या पायावर तो भार देत नसे. मी दाराशी बसून बघत असे. पायांचं मला कळतं.

वाव्झिन मिस्त्री एका वसंतात गेला. कोर्नेलने खांदा दिला. दरवर्षी नोव्हेंबरात गावकरी थडग्यांवर दिवे लावतात, तेव्हा मिस्त्रीच्या थडग्यावर सगळ्यांत मोठा दिवा कोर्नेलचा असे. हाल्शका त्याचा हात हातात घेऊन म्हणायची, "दादा, बाबांच्या चुकीबद्दल तुम्ही मनात काही ठेवलं नाहीत, हे मी विसरणार नाही." शिवी दिली असती तर त्याने सुखाने घेतली असती.

परवाच्या उन्हाळ्यात क्लबने जुन्या वस्तूंची एक खोली करायची ठरवली. काम हाल्शकाकडे आलं. ती आता शाळेत शिकवते, गप्प उभ्या राहिलेल्या मुलाला कुठलाच शब्द म्हणत नाही. एका रविवारी जेवायच्या वेळी ती मला मागायला आली. टेबलावर उकडलेले बटाटे होते, कांदा घातलेलं ताजं चीज होतं. कोर्नेल होताच, आता केस पिकलेला.

"सपातेशेजारी ठेवायला पाटी लिहून आणलीय," ती म्हणाली. "वाचते. चुकलं तर सांगा." आणि तिने वाचलं, "मिस्त्री वाव्झिन यांनी जोडलेल्या क्लचमध्ये दोष निघाल्याने कोर्नेल बाद झाला, आणि त्याच्या जागी बोगूमिल यांनी ही सपात घालून आपली शेवटची शर्यत केली."

"बापाचं नाव कशाला घालतेस, पोरी?" काका म्हणाला.

"असू दे काका. खरं ते खरं."

कोर्नेलने काटा खाली ठेवला.

"क्लच लिहू नकोस."

"दादा, मला वाईट नाही वाटत."

"क्लच चांगला होता. मी घाबरलो होतो. फितीत मी मुद्दाम गेलो."

काकू बटाटा सोलत होती, तो सोलून झाल्यावरही सोलत राहिली.

शेवटी काकाने घसा साफ केला. "मी बाकावर बसून काय म्हणत होतो, ठाऊक आहे? तुटू दे. प्रत्येक शर्यतीला, कोणीही असो, तुटू दे ती फीत. राखीव माणसाला दुसरी प्रार्थनाच नसते. तुझी तुटली तेव्हा मी हसलो होतो. पायाचं माझं मी बघून घेईन, त्यात तू पडू नकोस."

"काका—"

"पण वाव्झिनला कोण सांगणार आता?"

हाल्शका पाटीकडेच बघत होती. "बाबा मरायच्या आदल्या आठवड्यातसुद्धा तो क्लच मागत होते," ती म्हणाली. "एकदा उघडून बघतो म्हणाले. तुम्हाला यायला जमलं नसतं?"

"दर रविवारी इथून निघालो की कोपऱ्यापर्यंत यायचो. तुमचं घर डावीकडे."

"मग?"

"मग उजवीकडे वळायचो."

"जन्मभर डावीकडे वळलास रे," काका म्हणाला, "आणि तिथे वळता आलं नाही."

काकू उठली. मला वाटलं, आता ती त्याला पायातल्या सपाता काढायला सांगणार. त्यालाही तसंच वाटलं असावं, कारण त्याने डावा पाय आधीच बाहेर काढला होता.

"घाल ती," काकू म्हणाली. "फरशी गार आहे. मी तुला पोटचा समजून वाढत होते, आणि तू इथे शिक्षा भोगायला येत होतास. हे मी विसरेन असं समजू नकोस. पण जेव." मग तिने हाल्शकाच्या हातातली पाटी घेतली, उलटी केली आणि पेन पुढे सरकवलं. "मी सांगते ते लिही. 'क्लच चांगला होता.' झालं."

"आणि बाकीचं, काकू?"

"बाकीचं हा सांगेल. तिथे बसून. विचारेल त्याला."

कोर्नेलने मान हलवली. हाल्शकाने लिहिलं. अक्षर सुंदर आहे तिचं. मला उचलून तिने पिशवीत घातलं, आणि इतक्या वर्षांनी ते स्वयंपाकघराचं दार माझ्यामागे आपोआप मिटलं.

आता मी काचेच्या कपाटात आहे. खडी नाही, एरंडेलाचा वास नाही, दार धरायचं काम नाही. माझ्या कडा अजून शाबूत आहेत. मिस्त्रीने लोखंड चांगलं निवडलं होतं. माझं मागणं एवढंच की मला घासून चकचकीत करू नका. ओरखडे आहेत ते राहू द्या, त्यातले दोन फेऱ्यांचे काकाचे आहेत.

गावात अजून चेन अडकली की 'वाव्झिन झाला' म्हणणारे आहेत. शब्द एकदा तोंडी बसला की पाटीने सहज उठत नाही. पण परवा एक जण इथेच तसं बोलून गेला, पाटी वाचून थबकला, आणि मागे वळून त्याने विचारलं. दर रविवारी कोणी ना कोणी विचारतंच. चर्चमधून मैदानावर जाताना लोक आत डोकावतात, माझ्याकडे बघतात, पाटीकडे बघतात, आणि बुचकळ्यात पडतात.

"ही तर सपात आहे. मग क्लचबद्दल का लिहिलंय?"

कपाटाशेजारी खुर्चीवर एक म्हातारा बसलेला असतो. तो उठून उभा राहतो, डाव्या पायावर पुरता भार देतो, आणि पहिल्यापासून सांगायला लागतो.