चढावर किती देते?

“ते सगळं ठीक आहे, पण चढावर किती देते?” चष्मेवाल्यांनी पुन्हा विचारलं.

शोरूमच्या माणसाने टाय जरा सैल केला. गाडीतला टीव्हीसारखा पडदा, मागचा कॅमेरा, गरम होणारी सीट, सगळं दाखवून झालं होतं, आणि गिऱ्हाईक एकाच प्रश्नाला चिकटून बसलं होतं. शेवटी त्याने सांगितलं की ही गाडी पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालते, उतारावर बॅटरी आपोआप भरते, म्हणून घाटात हिच्याइतकी कमी पिणारी दुसरी नाही.

“पण आमची मुलगी वर राहते,” चष्मेवाले म्हणाले.

“मग परत येताना उतारच आहे ना, काका?”

“परत यायची आम्हाला घाई नसते,” शेजारी बसलेली त्यांची बायको म्हणाली.

मुलगी नर्स. तिची बदली डोंगरावरच्या दवाखान्यात झाली आणि चष्मेवाल्यांचं जुनं दुखणं डोकं वर काढून बसलं. त्यांना गाडी लागायची. बसने घाटातलं पहिलं वळण घेतलं की चेहरा पडायचा, दुसऱ्याला रंग उतरायचा आणि त्यापुढचं सहप्रवाशांनाच विचारावं. गोळ्या झाल्या, लिंबू हुंगून झालं, पुढच्या सीटवर डोळे मिटून बसून झालं. मुलीच्या दारात ते पोचायचे ते पिळलेल्या फडक्यासारखे, आणि ती टब हातात घेऊनच उभी असायची. मग हे खाटेवर आडवे, ती उशाशी, आणि जरा उठून बसावं तर परतीच्या बसची वेळ झालेली. तिच्या खोलीचं छत त्यांना तोंडपाठ होतं. बाकी काही त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

अशात त्यांच्या चष्म्याच्या दुकानात काचा बदलायला आलेल्या एका ट्रकवाल्याने सांगितलं की चालवणाऱ्याला गाडी कधी लागत नाही. त्यावर चष्मेवाल्यांनी ठरवूनच टाकलं, ज्याला गाडी लागते त्याला स्वतःची गाडी लागते. चालवता येत होतं. तरुणपणी मालाचा टेम्पो चालवला होता, सगळा सपाटीवर. पण दर आठवड्याला एवढं चढायचं तर गाडी पेट्रोलला बेताची हवी. सल्ल्यांना तोटा नव्हता. मेहुणे म्हणाले, डिझेलच घ्या, चढावर धाप लागत नाही. शेजारी म्हणाला, सगळ्यात लहान आणि हलकी घ्या, वजन जितकं कमी तितकं पेट्रोल कमी. आणि बोलता बोलता त्याची नजर चष्मेवाल्यांच्या बायकोवर गेली. तेव्हापासून त्या घरात त्याचा चहा बंद झाला.

शोरूमचा माणूस म्हणाला, चालवूनच बघा. घाटातल्या पहिल्या वळणापर्यंत जायचं आणि मागे फिरायचं, असा त्यांचा नियम होता. तो पुढे बसला. बायको मांडीवर भली मोठी पिशवी घेऊन मागे बसली.

पहिल्या वळणावर मागे ट्रक लागला, त्यामुळे फिरता आलं नाही. त्यानंतर एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. शोरूमचा माणूस मान खाली घालून पडद्यावरचे आकडे समजावत होता. एका लिटरमागचा आकडा चढाबरोबर घसरत चालला होता, आणि चष्मेवाल्यांचा डोळा त्याच्यावरून हलत नव्हता.

“आकडा नको, रस्ता बघा,” बायको म्हणाली.

त्यांनी रस्ता बघितला. पाय हलका ठेवला. नको असलेल्या पाहुण्याची वाट बघावी तशी ते पोटात कधी ढवळतं याची वाट बघत होते. वळणामागून वळण गेलं, पाहुणा काही आला नाही.

“अगं, काही होत नाहीये मला.”

“बोलू नका. चालवा.”

पुढे रस्ता रुंद झाला. गाडी सहज फिरली असती. चष्मेवाल्यांनी आरशात पाहिलं. बायको पिशवी कवटाळून खिडकीबाहेर बघत होती, जणू तिला कुणी काही विचारलेलंच नव्हतं.

“काका, फिरायची जागा गेली,” शोरूमचा माणूस म्हणाला.

“गेली खरी,” चष्मेवाले म्हणाले.

त्याने शोरूमला फोन लावला, तर रेंज नव्हती. थोड्या वेळाने त्याने टाय काढून खिशात ठेवला. मग काच खाली घ्यायला सांगितली. मला असं कधी होत नाही, एवढंच तो बोलला; पुढचं बोलणं त्याला परवडणारं नव्हतं.

दवाखान्याशी गाडी थांबली तेव्हा मुलगी टब घेऊन धावत आली आणि सवयीने तो वडिलांच्या हनुवटीखाली धरला. चष्मेवाले ताठ उतरले.

“मी नाही,” ते म्हणाले. “पलीकडे.”

शोरूमच्या माणसाला खाटेवर आडवं केलं. बायकोने पिशवी उघडली. पांघरूण, स्वेटर, बरण्या बाहेर येऊ लागल्या. हे तू घरूनच ठरवून निघालीस तर, असं चष्मेवाल्यांनी विचारलं. तुमची गाडी ठरेपर्यंत थंडी थांबणार होती का, असं ती म्हणाली. आणि सकाळीच तिने मुलीला फोनही केला होता.

खाटेवरून क्षीण आवाज आला, “काका, दर आठवड्याला येणार ना? मग ही नका घेऊ. चढावर ही फार पिते. आमच्याकडची ती सगळ्यात लहान, हलकी घ्या. तुम्हाला तीच पुरेल.”

“शेजाऱ्याला कळता कामा नये,” बायको म्हणाली.

मुलीने वडिलांच्या कपाळाला हात लावला. कपाळ थंड, कोरडं. त्यांच्यासाठी करण्यासारखं काहीच नव्हतं, तरी हात क्षणभर तसाच राहिला. मग तिला पलीकडून हाक आली आणि ती गेली.

जरा वेळाने चष्मेवाले ओसरीवर गेले आणि पेशंटांच्या बाकावर जाऊन बसले. दार अर्धं उघडं होतं. आत मुलगी एका दांडग्या माणसाच्या पायावरची पट्टी सोडवत होती. तो पाय मागे ओढू लागला, तशी ती म्हणाली, “हलायचं नाही. माझ्याकडे बघा.” तिचा हा आवाज त्यांनी घरी कधी ऐकला नव्हता. त्या माणसाने पाय पुन्हा पुढे केला आणि तसाच धरला. बाकावर चष्मेवालेही न हलता बसून राहिले.

“तुम्हाला काय होतंय?” शेजारच्या बाईने विचारलं.

“काही नाही,” ते म्हणाले. “मी बरा आहे.”

आणि काठी टेकत आलेल्या एका म्हातारीला जागा देऊन ते भिंतीशी उभे राहिले. तिथून आतलं अधिक चांगलं दिसत होतं.