कललेलं विमान

दादाचं विमान चित्रात कधी सरळ उडायचं नाही. सिम्युलेटरवर, म्हणजे संगणकावरच्या विमान उडवायच्या खेळात, तो ते डोंगराच्या अगदी कडेला न्यायचा, एका पंखावर पुरतं कलवायचा आणि वेग मुद्दाम उतरवायचा, म्हणजे नाक कसं ऐटीत वर दिसतं. मग खेळ थांबवून कॅमेरा फिरवत बसायचा. पंखाचं टोक कोपऱ्यात, ऊन काचेवर, समोर भरपूर मोकळं आकाश. चौकट मनासारखी जमली की चित्र जपून ठेवायचं आणि खेळ बंद. हा नवरीशिवाय लग्नाचे फोटो काढतो, असं आई म्हणायची. पण या खेळाच्या हौशी मंडळींत त्याच्या चित्रांना भाव होता, आणि धाकटी बहीण ठमी तर ती बघतच मोठी झाली. इतकी, की पोरगी खरंच विमान उडवायला शिकायला गेली.

आज ती पहिल्यांदा एकटी उडणार होती. निघताना म्हणाली, "टेकडीपाशी तुझ्यासारखं वळण घेते आणि फोटो काढते. बघच तू."

तेव्हा तो हसला. ती गेल्यावर वेळ जाईना, म्हणून त्याने आपलं सगळ्यात लाडकं दृश्य उघडलं आणि आज कधी नव्हे ते थांबवलेलं विमान पुढे सोडलं. ते क्षणभर तरंगलं, मग वेग कमी पडून खालचा पंख आणखी झुकला आणि विमान थेट डोंगरात घुसलं. त्याने दुसरं सोडून पाहिलं, तिसरं पाहिलं. एकही वाचलं नाही. इतकी वर्षं त्याने पुढचं कधी पाहिलंच नव्हतं.

त्याने लगेच फोन लावला. ठमीचा फोन बंद. तिच्या विमानशाळेत फोन केला, तर कारकून म्हणाला, ती विमान घेऊन केव्हाच निघाली, घरचे निरोप रेडिओवरून देता यायचे नाहीत. आईने विचारलं, तोंड का उतरलंय? डोकं दुखतंय, असं सांगून तो येरझारा घालत राहिला. स्वतःची भयंकर चीड आली होती.

शेवटी फोन वाजला.

"दादा, फोटो नाही काढला रे. दोन्ही हात कामात होते."

"आणि वळण?"

"टेकडीकडे फिरकलेच नाही. लांबून, सरळ आले. चिडलास?"

तो मटकन खाली बसला आणि रडायलाच लागला. पलीकडून ती बिचारी समजूत घालत राहिली, की पुढच्या वेळी नक्की काढते.